पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम : शेतात सापडलेल्या केल्टिक वस्तूची नोंद करून देणारी सेवा

मेटल डिटेक्टर घेऊन शेते पालथी घालण्याचा छंद इंग्लंडमध्ये चांगलाच रुजलेला आहे आणि यंत्रे, कॉइल, हेडफोन, फावडी यांची परीक्षणे हवी तितकी वाचायला मिळतात. या छंदातील ज्या गोष्टीचे मला सर्वाधिक मोल वाटते तिच्याविषयी मात्र, वापरणाऱ्याच्या बाजूने, फारसे कोणी लिहीत नाही. ती गोष्ट म्हणजे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही विनामूल्य नोंदणी सेवा. यंत्र जमिनीत धातू आहे एवढेच सांगते. हाती आलेला हिरवा तुकडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्टिक रथाचा आहे की गेल्या शतकातल्या एखाद्या शेती अवजाराचा, हे या सेवेतील तज्ज्ञ सांगतात आणि तो नेमका कुठे सापडला हे कायमचे लिहून ठेवतात. नॉरफोक परगण्यातील एका शेतात मला लोहयुगातील एक वस्तू सापडली. तिच्या निमित्ताने या सेवेचा जो अनुभव आला, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

आधी सेवेविषयी थोडे. 1996 चा ट्रेझर ॲक्ट सप्टेंबर 1997 मध्ये अमलात आला आणि सोन्या-चांदीच्या जुन्या वस्तू सापडल्यास त्या कळवणे बंधनकारक झाले. पण शेतातून निघणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेक वस्तू तांबे, कांसे, शिसे अशा साध्या धातूंच्या असतात आणि त्यांना हा कायदा लागू होत नव्हता. त्या वस्तू लोकांनी स्वखुशीने दाखवाव्यात आणि त्यांची शास्त्रशुद्ध नोंद व्हावी, म्हणून 1997 मध्येच काही निवडक भागांत ही योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि 2003 मध्ये ती संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये पोहोचली. इंग्लंडमध्ये तिची सूत्रे ब्रिटिश म्युझियमकडे आहेत, तर वेल्समध्ये तेथील राष्ट्रीय संग्रहालयाकडे. प्रत्यक्ष काम करतात ते ठिकठिकाणी नेमलेले सुमारे चाळीस फाइंड्स लायझन ऑफिसर. स्थानिक संग्रहालयात किंवा परगण्याच्या पुरातत्त्व कार्यालयात बसणारे हे अधिकारी सापडलेल्या वस्तू पाहतात, ओळखतात, नोंदवतात आणि मालकाला परत करतात. नॉरफोकमध्ये पुरातत्त्वज्ञ आणि डिटेक्टरवाले यांच्यातला संवाद या योजनेच्याही आधी, 1970 च्या दशकात सुरू झाला होता. अन्यत्र हे दोन्ही गट एकमेकांकडे संशयाने पाहत असताना इथल्या जाणत्या मंडळींनी सहकार्याची वाट धरली आणि तिचा फायदा आज माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीलाही होतो.

मला सापडलेली वस्तू म्हणजे कांशाची एक कडी. तिला टेरेट म्हणतात. घोडे जुंपलेल्या रथाच्या जुवावर अशा कड्या बसवलेल्या असत आणि त्यांतून लगामाच्या वाद्या ओवून सारथ्याच्या हातापर्यंत आणलेल्या असत, म्हणजे त्या एकमेकींत गुंतत नसत. साधारणपणे एका रथाला पाच टेरेट लागत. पूर्व यॉर्कशायरमधील वेटवँग येथे 2001 मध्ये एका स्त्रीचे रथासह केलेले दफन उघडकीस आले, त्यात पाचही टेरेट होती आणि त्यांवर पोवळे जडवलेले होते. माझे टेरेट इतके श्रीमंती नाही. सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची, ओठांसारख्या उंचवट्यांच्या तीन जोड्या असलेली ती कडी नुकत्याच नांगरलेल्या शेतात वीतभर खोलीवर मिळाली. शेतमालकाची लेखी परवानगी माझ्याकडे होती. वस्तू हलवण्यापूर्वी मी जागेचे ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरचे नेमके ठिकाण दाखवणारे आकडे, टिपून घेतले, मातीसकट ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीवर तारीख व आकडे लिहिले. ही शिस्त मला या योजनेच्याच मार्गदर्शनातून लागलेली आहे. जबाबदारीने शोध कसा घ्यावा याची आचारसंहिता सर्वांसाठी खुली आहे, आणि नांगराच्या फाळाने ढवळलेल्या थराच्या खाली खणू नये, हा तिच्यातला सर्वांत कळीचा नियम आहे असे मी मानते. ढवळलेल्या मातीतली वस्तू मुळात जागची हललेलीच असते. तिच्या खालचा थर अखंड असेल तर तिथे एखादे घर, खड्डा किंवा दफन जसेच्या तसे असू शकते आणि ते उलगडणे पुरातत्त्वज्ञांचे काम आहे.

भेटीची वेळ ईमेलवर ठरली. अधिकारी बाईंनी पिशवी उघडून कडी हातात घेतली आणि वस्तूचे नाव सांगण्याआधी जागेविषयी विचारले. शेत चढावर आहे की सखल, जवळ पाणी आहे का, आसपास आणखी काय मिळाले, मडक्यांची खापरे दिसली का, असे ते प्रश्न होते. सगळी उत्तरे टिपून झाल्यावर त्यांनी भिंगाखाली कडीची आतली कड मला दाखवली. एका बाजूला, जिथे वादी सतत घासली गेली असेल तिथे, धातू झिजून गुळगुळीत आणि किंचित पातळ झाला होता, तर समोरच्या बाजूची कड अजून धारदार होती. खालच्या अंगाला जुवात रुतणारा आडवा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना थांबे होते. त्या दांड्यावर हिरव्या थराऐवजी एक खरखरीत पट्टा शिल्लक होता, कारण तो भाग चामड्याने किंवा लाकडाने झाकलेला राहिला असावा. दोन हजार वर्षांपूर्वी एक घोडा विशिष्ट बाजूला ओढ घेत असे, त्याची खूण त्या कडीवर उरली आहे, हे भिंगातून पाहताना मला जो आनंद झाला तो यंत्राच्या कोणत्याही सुरेल आवाजाने दिलेला नाही. कोणत्याही सेवेत माणसाचे ज्ञान आणि ते वाटून देण्याची वृत्ती या दोन गोष्टी एकत्र मिळणे दुर्मीळ असते, आणि इथे त्या मिळाल्या.

कडी काही काळ कार्यालयात ठेवून घेतली गेली आणि तशी रीतसर पावती मिळाली. या काळात वस्तूचे वजन आणि मापे घेतली जातात, मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली जातात आणि तशाच इतर वस्तूंशी तुलना करून काळ ठरवला जातो. माझ्या टेरेटचा काळ इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. पहिले शतक असा आला. म्हणजे आइसेनी जमातीचा तो काळ, ज्यांच्या बूडिका राणीने इ.स. 60-61 मध्ये रोमनांविरुद्ध उठाव केला. या कडीचा त्या उठावाशी संबंध जोडण्याचा मोह मला झाला, हे खरे, पण नोंदीत तसे काही लिहिलेले नाही आणि लिहिले जाऊही नये. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच त्या नोंदीत आहे. आकार, बनावट, झीज, डागडुजीचा अभाव, तुलनेसाठी दिलेल्या वस्तू यांचे तिच्यातले वर्णन इतके काटेकोर आहे की छायाचित्र नसते तरी जाणकाराच्या डोळ्यांसमोर कडी उभी राहिली असती.

नोंदीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नॉरफोकमधील नोंदींच्या क्रमांकाची सुरुवात ‘एनएमएस’ या अक्षरांनी होते. हा क्रमांक टाकून कोणीही, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, ती नोंद ऑनलाइन पाहू शकतो. पंधरा लाखांहून अधिक वस्तू या संग्रहात आहेत आणि तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. जागेची गुप्तता पाळली जाईल का, ही शेतमालकांची आणि डिटेक्टरवाल्यांची सर्वांत मोठी धास्ती असते. तिची उत्तम काळजी घेतलेली आहे. सर्वसामान्य वाचकाला जास्तीत जास्त एक किलोमीटर बाजूच्या चौकोनापर्यंतच जागा दिसते आणि नाजूक ठिकाणांच्या बाबतीत तेवढीही दिसत नाही. अचूक संदर्भ पाहण्यासाठी संशोधकाला रीतसर अर्ज करावा लागतो. माझ्या शेतमालकांना मी हे समजावून सांगितले, तेव्हाच त्यांनी नोंदीला मनापासून होकार दिला. रात्री चोरून खणणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव इथल्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे, त्यामुळे त्यांची काळजी रास्तच होती.

एकटी कडी पुरातत्त्वाला फारसे काही शिकवत नाही, हे मान्य. पण नकाशावर शेकडो कड्या, रथाच्या आसाच्या खिळी, घोड्याच्या साजाची बटणे, सुट्या पडलेल्या वस्त्रपिना दिसू लागल्या की चित्र पालटते. लोहयुगातील ब्रिटनमध्ये पूर्व यॉर्कशायर सोडल्यास रथासह दफने फार थोडी आढळतात. म्हणून रथ कुठे-कुठे वापरात होते हे कळण्याचा मोठा आधार म्हणजे शेतात विखुरलेले असे सुटे भाग. वेल्समध्ये पेंब्रुकशायर येथे 2018 मध्ये एका छांदिष्टाला मिळालेल्या कांशाच्या वस्तूंवरून त्या देशातील पहिले रथदफन हाती आले, ते याच वाटेने. नाण्यांच्या बाबतीतही तेच. ऑक्सफर्डमध्ये 1961 पासून जपलेली केल्टिक नाण्यांची सूचीही या संग्रहात जोडलेली आहे. तिथे नाण्यांची चित्रे ओळीने पाहत बसणे हा माझा आवडता विरंगुळा आहे. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपच्या सोन्याच्या नाण्यावर अपोलोचे मस्तक आणि दोन घोड्यांचा रथ होता. त्याची नक्कल करत करत ब्रिटनपर्यंत येताना मस्तकाच्या केसांच्या आणि पानांच्या नुसत्या रेषा उरल्या, तर रथाचा एकच मुक्तछंद घोडा झाला, ज्याचे पाय सांध्यापाशी ठिपक्यांनी जोडलेले आहेत. ही वळणे एखाद्या पुस्तकातल्या चार चित्रांतून कळत नाहीत. त्यासाठी हजारो नाणी एकाखाली एक दिसावी लागतात, आणि ती सोय या सेवेने केली आहे.

आता कायद्याच्या बाजूविषयी, कारण सोने सापडल्यावर ही सेवा ऐच्छिक राहत नाही. किमान तीनशे वर्षे जुनी आणि दहा टक्क्यांहून कमी नाही इतके सोने किंवा चांदी असलेली वस्तू ट्रेझर ठरते. एकटे नाणे त्यात मोडत नाही, पण अशा मौल्यवान धातूची दोन नाणी एकत्र मिळाली तर मोडतात. 2003 पासून साध्या धातूच्या दोन किंवा अधिक प्रागैतिहासिक वस्तू एकत्र मिळाल्यास त्याही ट्रेझर मानल्या जातात. म्हणजे त्या शेतात एकाऐवजी दोन टेरेट शेजारी-शेजारी मिळाली असती, तर माझ्यावर कायदेशीर बंधन आले असते. ही बाब अनेक अनुभवी मंडळींनाही माहीत नसते. 2010 मध्ये कम्ब्रियात सापडलेले क्रॉसबी गॅरेटचे रोमन शिरस्त्राण तांब्याच्या मिश्रधातूचे आणि एकटे असल्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. लिलावात ते सुमारे 23 लाख पौंडांना खासगी खरेदीदाराकडे गेले आणि संग्रहालयाला पाहत राहावे लागले. 2023 च्या सुधारणेने दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातुवस्तूंना कोणत्याही धातूच्या असल्या तरी कायद्यात जागा दिली, हे फार चांगले झाले. शोध लागल्यापासून, किंवा वस्तू ट्रेझर असू शकते हे लक्षात आल्यापासून, चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला, कळवावे लागते. हे काम लायझन ऑफिसरमार्फत होते. न कळवणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. पुढे चौकशी होते, एखाद्या संग्रहालयाला वस्तू हवी असल्यास स्वतंत्र समिती तिची किंमत ठरवते आणि ती रक्कम सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते.

ही यंत्रणा नीट चालली की काय घडते, याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण स्टॅफर्डशायरमधील लीकफ्रिथचे आहे. डिसेंबर 2016 मध्ये दोन मित्रांना तिथल्या शेतात गळ्यात घालायचे सोन्याचे तीन टॉर्क आणि एक कंकण मिळाले. त्यांनी ते कळवले आणि दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ते ट्रेझर म्हणून जाहीरही झाले. इ.स.पू. 400 ते 250 या दरम्यानचे हे दागिने ब्रिटनमध्ये मिळालेल्या लोहयुगीन सोन्यातील सर्वांत जुन्यांपैकी आहेत. त्यांची किंमत 3,25,000 पौंड ठरली आणि ते हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये, म्हणजे जिथे मिळाले त्याच परगण्यात, राहिले. यॉर्कशायरमधील मेल्सनबीची कथा त्याहून बोलकी आहे. तिथे डिसेंबर 2021 मध्ये एका डिटेक्टरवाल्याला धातूच्या वस्तूंचा मोठा साठा लागला, तेव्हा त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना कळवले. डरहम विद्यापीठाने केलेल्या उत्खननात आठशेहून अधिक वस्तू निघाल्या. त्यांत रथांचे आणि चारचाकी गाड्यांचे भाग, घोड्यांचा साज, भाले आणि मोठी पात्रे होती, आणि यांतले बरेचसे मुद्दाम जाळून-मोडून पुरलेले होते. त्या माणसाने हाव धरून एकेक वस्तू उपसून काढली असती, तर त्या कशा रचल्या होत्या, कोणती कोणाखाली होती, हे कळण्याचा मार्ग कायमचा बंद झाला असता. त्या एका निर्णयाबद्दल मला त्याच्याविषयी अतोनात आदर वाटतो.

सेवेच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव मनुष्यबळाची आहे. चाळीस माणसांनी वर्षाकाठी हजारो वस्तू आणि हजाराहून अधिक ट्रेझर प्रकरणे हाताळायची म्हटल्यावर भेटीची वेळ मिळण्यास आणि नोंद पूर्ण होण्यास वेळ लागतो. ट्रेझरची प्रक्रिया तर अनेकदा वर्षाहून लांबते. दुसरी उणीव पैशांची आहे, कारण ही पदे स्थानिक संग्रहालये आणि परगण्यांच्या भागीदारीतून चालतात आणि त्यांच्या तिजोऱ्या सध्या भरलेल्या नाहीत. तिसरी गोष्ट खरे तर मर्यादा आहे. अधिकारी वस्तूची बाजारातील किंमत सांगत नाहीत आणि सफाई किंवा जतनाचे काम करून देत नाहीत. किंमत न सांगण्याचे धोरण मला पूर्ण पटते. जतनाबाबत मात्र थोडी अधिक मदत हवी, असे वाटते. कांशावर फिकट हिरवी, भुकटीसारखी गंजाची पुटे दिसू लागली तर धातू आतून पोखरला जात असतो आणि तेव्हा सामान्य माणसाला कोणाकडे जावे हे सुचत नाही. माझी कडी पाहून एका विक्रेत्याने ती आम्लात बुडवून चकचकीत करून देण्याची तयारी दाखवली होती. तसे केले असते तर झिजेची ती खूण आणि दांड्यावरचा पट्टा दोन्ही पुसले गेले असते. लाल मीनाकारी असलेल्या केल्टिक वस्तूंचे तर अशा सफाईत अपरिमित नुकसान होते, कारण धातूच्या खोबणीतील ते काचेसारखे भरण गळून पडते. सापडलेली वस्तू घासू नये, फक्त सुकू द्यावी आणि आहे तशी अधिकाऱ्याकडे न्यावी, हा सल्ला प्रत्येक यंत्राच्या खोक्यावर छापला जायला हवा.

स्कॉटलंडमध्ये शोध घेणाऱ्यांसाठी ही सेवा नाही. तिथे मालक नसलेली प्रत्येक प्राचीन वस्तू राजसत्तेची मानली जाते, ती एडिंबरामधील ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावी लागते आणि बक्षिसात जमीनमालकाचा वाटा नसतो. 2009 मध्ये स्टर्लिंगजवळ ब्लेअर ड्रमंड येथे मिळालेल्या सोन्याच्या चार टॉर्कसाठी शोधणाऱ्याला 4,62,000 पौंड मिळाले, ते त्याच पद्धतीने. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तर सरकारी संमतीशिवाय प्राचीन वस्तूंसाठी डिटेक्टर वापरणेच बेकायदा आहे. इंग्लंडमध्येही संरक्षित प्राचीन स्थळांवर संमतीशिवाय यंत्र नेता येत नाही आणि अन्यत्र मालकाची परवानगी हवीच.

नव्याने छंद सुरू करणाऱ्यांना माझी शिफारस अशी आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्या परगण्यातील फाइंड्स लायझन ऑफिसर कोण आहेत आणि ते संग्रहालयात किंवा क्लबात कोणत्या दिवशी वस्तू पाहतात, हे माहीत करून घ्यावे. भेटीला जाताना प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, निदान आठ आकडी ग्रिड संदर्भासह न्यावी. शेतमालकाशी वाटणीचा आणि नोंदीचा लेखी करार आधीच करावा. केवळ सोने-नाणे न नेता मोडकी वस्त्रपिन, अर्धे बटण, ओळखू न येणारा कांशाचा तुकडा हेही दाखवावे, कारण माझ्या पिशवीत टेरेटबरोबर होता तो वाकडा तुकडा मी फेकून देण्याच्या विचारात होते आणि तो त्याच काळातील घोड्याच्या साजाचा एक बंद निघाला. दोन्ही तुकडे शेताच्या वेगवेगळ्या टोकांना मिळाल्यामुळे ट्रेझरचा प्रश्न उद्भवला नाही. आता ते दोन्ही एकाच शेताखाली नोंदलेले आहेत आणि पीक निघाल्यावर तिथे भूभौतिकीय सर्वेक्षण करावे का, याविषयी अधिकारी बाई आणि शेतमालक यांचे बोलणे सुरू आहे.